पुरेसें म्हणजे किती?

एखादा पूल कोसळला, एखादें धरण फुटलें किंवा एका दुपारच्या पावसानें अर्धें शहर पाण्याखालीं गेलें, म्हणजे समाजाची चौकशी ठराविक वळणानें सुरू होते. ठेकेदारानें सिमेंटांत वाळू अधिक मिसळली काय? देखरेख करणाऱ्या अंमलदारानें डोळेझांक केली काय? इंजिनियरचें गणित चुकलें काय? हे प्रश्न योग्यच आहेत, आणि पुष्कळदां त्यांपैकीं एकाचें तरी उत्तर होकारार्थी निघतें. परंतु कधीं कधीं असें आढळतें कीं, माल चोख होता, देखरेख चोख होती, गणितही बिनचूक होतें, आणि तरीही माणसें मेलीं. पूल अमुक इतक्या पुरासाठीं बांधला होता. पूर त्याहून मोठा आला. एवढें उत्तर मिळालें कीं चौकशी संपते आणि दोष दैवाच्या माथीं जातो. माझ्या मतें नैतिक चौकशी तेथूनच सुरू व्हावयास हवी. ‘अमुक इतका’ हा आंकडा कोणीं ठरविला, कशाच्या आधारावर ठरविला, आणि ज्यांच्या जिवावर तो बेतला त्यांना तो आधीं कोणीं सांगितला होता काय?

प्राचीन काळीं हा प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविलेला दिसतो. सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीं बाबिलोनच्या हम्मुराबी राजानें जे कायदे दगडावर कोरविले, त्यांत घर बांधणाऱ्यासाठीं नियम आहेत. घर पडून मालक मेला, तर बांधणाऱ्यास देहान्त शासन. मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलास. बापाच्या चुकीसाठीं मुलाचा जीव घेणारा हा न्याय आज कोणासही मान्य होणार नाहीं. पण त्यांतील एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. भिंत किती जाड असावी, पाया किती खोल असावा, याविषयीं त्या नियमांत एकही शब्द नाहीं. कायदा फक्त परिणाम पाहतो. घर उभें राहिलें तर तें पुरेसें मजबूत होतें. पडलें तर नव्हतें.

आधुनिक पद्धत याच्या उलट आहे. इमारतीच्या तुळईनें किती भार सोसावा, पुलाच्या कमानींखालून किती पाणी जावें, रस्त्याचें वळण किती वेगाच्या गाडीसाठीं आंखावें, हें ती आधींच ठरवून देते. यालाच आराखड्याचा निकष म्हणतात. निकष पाळणारा इंजिनियर सामान्यतः निर्दोष समजला जातो. मग पुढें कांहींही होवो. ही सुधारणा खरी आहे, यांत शंका नाहीं. हम्मुराबीच्या कायद्यानें बांधणारा भीत असेल, परंतु भीतीनें त्याचें ज्ञान वाढत नव्हतें. निकषामुळें शंभर ठिकाणीं आलेला अनुभव एखाद्या आडगांवच्या ओढ्यावरील मोरीपर्यंत पोंचतो. मात्र या सुधारणेबरोबर एक गोष्ट नकळत घडली. बांधणाऱ्याच्या शिरावरील जबाबदारीचा मोठा भाग निकष ठरविणाऱ्याकडे गेला. आणि निकष ठरविणारी बहुधा एक समिति असते, जिचा अहवाल कपाटांत पडून राहतो आणि जिच्या सभासदांचीं नांवें सामान्य माणसास ठाऊक नसतात. बाबिलोनमध्यें जाब कोणास विचारावयाचा, हें तरी सर्वांस माहीत होतें.

आंकडा ठरवावा लागतो, याचें कारण असें कीं निसर्ग तो आयता देत नाहीं. या नदीस येऊं शकणारा सर्वांत मोठा पूर कोणता, या खाडीवर वाहणाऱ्या वाऱ्याचा सर्वांत मोठा जोर कोणता, हें छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. नोंदी पन्नास-शंभर वर्षांच्या, आणि नद्या हजारों वर्षांच्या. शास्त्र एवढेंच सांगूं शकतें कीं, अमुक प्रवाह सरासरीनें दहा वर्षांत एकदां ओलांडला जातो, तमुक शंभर वर्षांत एकदां, आणि त्याहून मोठा हजार वर्षांत एकदां. हा एक चढता जिना आहे. प्रत्येक पायरीवर खर्च वाढतो आणि धोका कमी होतो. पण धोका शून्य झाला, अशी पायरी कोठेंच लागत नाहीं. कोणत्या पायरीवर थांबावें हें ठरवितांना शास्त्राचा अधिकार संपलेला असतो. ‘एवढें पुरे’ असें जो म्हणतो, तो त्यापुढील धोका कोणाच्या तरी पदरांत टाकीत असतो. हा निर्णय नीतीचा आहे, मग तो कितीही दशांश-चिन्हांनीं सजविलेला असो.

शब्दही येथें आपणांस फसवितात. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हटलें कीं सामान्य माणसास वाटतें, तो आजोबांच्या वेळीं येऊन गेला, आतां नातवांच्या वेळीं येईल. वस्तुतः अर्थ असा कीं, प्रत्येक वर्षीं तो येण्याचा संभव शेंकडा १ आहे. गेल्या वर्षीं आला म्हणून यंदां तो कमी होत नाहीं. या हिशेबानें ३० वर्षांच्या अवधींत असा पूर निदान एकदां येण्याचा संभव शेंकडा २६ होतो, आणि १०० वर्षांत शेंकडा ६३. म्हणजे नदीकांठच्या घरांत एक मूल जन्मलें, वाढलें आणि संसाराला लागलें, तेवढ्या काळांत चारांत एकाहून अधिक संभव. हीच गोष्ट या भाषेंत सांगितली असती, तर त्या घराच्या मालकानें तेथें घर बांधलें असतें काय? कदाचित् बांधलें असतें. परंतु तें त्यानें जाणूनबुजून बांधलें असतें.

आंकडे कसे बदलतात, याचें बोलकें उदाहरण स्कॉटलंडांत घडलें. १८७३ सालीं टॉमस बाउच या इंजिनियरच्या नियोजित फोर्थ पुलासंबंधानें राजज्योतिषी सर जॉर्ज एअरी यांचा अभिप्राय घेण्यांत आला. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर वाऱ्याचा सरासरी दाब दर चौरस फुटास १० पौंड धरणें पुरे, असें त्यांनीं कळविलें. याच बाउचनें टे नदीच्या मुखावर बांधलेला पूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्रीं वादळांत कोसळला, आणि त्यावरून जाणाऱ्या आगगाडींतील एकही माणूस वांचला नाहीं. पुलाच्या ओतीव लोखंडाचें काम सदोष होतेंच. पण वाऱ्यासाठीं आपण वेगळी अशी तरतूद केली नव्हती, असेंही बाउचनें चौकशींत सांगितलें. पुढें फोर्थवर जो दुसराच पूल १८९० सालीं खुला झाला, त्याच्या आराखड्यांत हा दाब ५६ पौंड धरलेला होता. मधल्या वर्षांत स्कॉटलंडचा वारा साडेपांच पट झाला नव्हता. वाऱ्याविषयींचें ज्ञान थोडें वाढलें होतें. पण लोकांचें मन मात्र पार पालटलें होतें. नियमांच्या पुस्तकांतील कित्येक आंकड्यांमागें असें कोणाचें तरी मरण उभें असतें. अनुभवानें शहाणें होणें चांगलें खरें, परंतु येथें अनुभव एकाचा आणि शहाणपण दुसऱ्याचें होतें.

मरणाची वाट न पाहतां, किंवा निदान एका मरणानंतर पुढच्या सर्वांचा विचार करून, आंकडा उघडपणें ठरविण्याचा मोठा प्रयत्न हॉलंडनें केला. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्रीं उत्तर समुद्रांतील वादळानें त्या देशाचे बांध फोडले आणि १,८३६ माणसें बुडालीं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आंत सरकारनें ‘डेल्टा समिति’ नेमली. डेव्हिड व्हान डांत्सिख या गणितज्ञानें प्रश्न असा मांडला: बांध एक हात अधिक उंच करण्यास किती खर्च येतो, आणि त्यामुळें भावी नुकसानीचा संभव किती घटतो? या दोहोंची बेरीज जेथें सर्वांत कमी, तेथें थांबावें. हूक ऑफ हॉलंड येथें त्या रात्रीं पाणी प्रमाणपातळीच्या ३.८५ मीटर वर चढलें होतें. समितीनें तेथें ५ मीटर ही पातळी धरली. मध्य हॉलंडच्या किनाऱ्यासाठीं निकष ठरला तो १०,००० वर्षांत एकदां ओलांडल्या जाणाऱ्या पाण्याचा.

हा हिशेब प्रामाणिक आहे, आणि उघड आहे. पण त्यांत एक काटा आहे. जेथें मालमत्ता व वस्ती दाट, तेथें बांध उंच करणें परवडतें. जेथें विरळ, तेथें नाहीं. त्यामुळें झीलंड प्रांतासाठीं निकष ठरला ४,००० वर्षांचा. १९५३ च्या पुरांत सर्वाधिक माणसें बुडालीं तीं याच झीलंडमध्यें. उपयुक्ततावादी म्हणेल, यांत अन्याय कोणता? एका बांधामागें लक्षावधि माणसें असतील, दुसऱ्यामागें कांहीं हजार, तर पैसा पहिल्यावर घालावा हेंच बहुतांच्या हिताचें. पण झीलंडमधील शेतकऱ्यास बुडतांना आपण विरळ वस्तींत राहतों याचें समाधान मिळत नाहीं. त्याचा जीव त्याच्यापुरता एकच असतो. हा आक्षेप पुढें त्या देशानेंच मान्य केला, असें म्हणतां येईल. १ जानेवारी २०१७ पासून अंमलांत आलेल्या नव्या निकषांत प्रथम असें ठरविण्यांत आलें कीं, बांधांमागें राहणाऱ्या कोणाही माणसाचा पुरानें मृत्यु होण्याचा संभव वर्षास १,००,००० मध्यें एकाहून अधिक असूं नये, आणि ही स्थिति २०५० पर्यंत गांठावी. मालमत्तेचा हिशेब टाकून दिलेला नाहीं. मोठ्या शहरांस त्याहून अधिक संरक्षण मिळतेंच. परंतु त्याखालीं एक फरशी घातली गेली, जिच्याखालीं कोणासही जाऊं द्यावयाचें नाहीं. बेरजेच्या नीतीला व्यक्तीच्या हक्काचा हा आधार मिळाला, ही मला मोठी नैतिक घटना वाटते.

यावर एक सात्त्विक आक्षेप नेहमीं घेतला जातो. माणसाच्या जिवाची किंमत करणें हेंच मुळीं पाप आहे; सरकारनें खर्चाचा विचार न करतां पूर्ण सुरक्षितताच द्यावी. या म्हणण्यामागील भावना उदात्त असली, तरी तें टिकत नाहीं. पैसा एकाच थैलींतून यावयाचा असतो. एक पूल हजार वर्षांच्या पुरासाठीं बांधला, तर त्याच पैशांत शंभर वर्षांच्या पुरासाठीं बांधतां आले असते असे आणखी पूल बांधावयाचे राहतात, आणि त्या गांवचीं मुलें पावसाळ्यांत दोराला धरून ओढा ओलांडतात. त्यांचे मृत्यु कोणत्याही निकषाच्या खातीं जमा होत नाहींत, एवढेंच. जिवाची किंमत करावयास जो नकार देतो, तोही किंमत करतोच. फक्त ती तो पाहत नाहीं. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही आपली म्हण येथें लागू आहे. मात्र अंथरूण कोणाचें आणि उघडे पडणारे पाय कोणाचे, हेंही त्याबरोबरच विचारलें पाहिजे.

या दृष्टीनें मुंबईचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. शहराचीं जुनीं पावसाळी गटारें तासास २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबानें बांधलेलीं होतीं, आणि तेंही समुद्रास ओहोटी असतांना. शिवाय पडलेल्या पाण्यापैकीं निम्में जमिनींत मुरेल, असें धरलेलें होतें. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ सालीं अहवाल आला, आणि २५ ऐवजीं ५० मिलिमीटर धरावे अशी शिफारस झाली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यांत दुपारच्या एका तासांत १९० मिलिमीटर, आणि त्याच सुमारास भरती. तोंपर्यंत अहवालांतील बरेंचसें काम व्हावयाचें होतें. शहरांत शेंकडों माणसें मेलीं.

१९० मिलिमीटरसाठीं गटारें बांधावयास हवीं होतीं, असें कोणीही समंजस माणूस म्हणणार नाहीं. ५० चा निकष पूर्ण अंमलांत आला असता, तरी त्या दिवशीं शहर बुडालेंच असतें. माझें म्हणणें निराळें आहे. ‘२५’ हा नुसता आंकडा नव्हता. त्याला अटी चिकटलेल्या होत्या. निम्में पाणी मुरेल ही अट मोकळ्या जमिनी असतांना खरी होती. पुढें जमिनींवर फरशा व डांबर आलें, खाड्यांत भराव पडले, मिठी नदीचें पात्र आवळलें. प्रत्येक भरावागणिक तो निकष खालीं येत गेला. कोणत्याही सभेनें तसा ठराव केला नाहीं, कोणीही सही केली नाहीं. कागदावर २५ तसाच राहिला आणि जमिनीवर त्याचे पंधरा झाले कीं दहा, हें कोणीं मोजलें नाहीं. दिलेलें वचन उघडपणें मोडणें वाईट खरें, पण तें दिलें होतें याचीच कोणास आठवण न राहणें अधिक वाईट. शिवाय भरावावर इमारती उठविणाऱ्यांचा लाभ आणि मिठीच्या कांठच्या झोपडींतील माणसाच्या गळ्याशीं आलेलें पाणी, यांचा हिशेब एकाच वहींत कधीं मांडला गेला नाहीं.

यांतूनच दुसरा मुद्दा निघतो. मर्यादा कोणतीही धरली तरी ती केव्हां तरी ओलांडली जाणार, हें मान्य केल्यावर ती ओलांडली जाईल तेव्हां काय व्हावें, हेंही निकषाचाच भाग मानलें पाहिजे. जुन्या धरणकऱ्यांनीं सांडवा ठेवला, तो याच विचारानें: पाणी जास्त झालें तर तें कोठून जावें हें आपण ठरवूं, पाण्यास ठरवूं देऊं नये. भूकंपाविषयींच्या भारतीय मानकाचें धोरणही असेंच आहे. मोठ्या धक्क्यानें इमारतीस तडे गेले तरी चालेल, पण ती माणसांच्या अंगावर कोसळूं नये. त्याच मानकाच्या २००२ च्या आवृत्तींत रुग्णालयें, शाळा, अग्निशामक केंद्रें यांच्यासाठीं महत्त्वाचा गुणक १.५ आहे आणि सामान्य इमारतींसाठीं १. म्हणजे ज्या इमारतींवर संकटाच्या वेळीं इतरांचे प्राण अवलंबून, किंवा जेथें मुलें एकत्र बसतात, तेथें दीडपट बळ. ‘कोणाचें रक्षण आधीं’ या प्रश्नाचें नीतिशास्त्रांत शेंकडों पानें व्यापणारें उत्तर येथें दीड या एका आंकड्यांत दिलेलें आहे. तें मला योग्यही वाटतें. परंतु ज्यांच्यासाठीं तें दिलें, त्यांपैकीं कितीजणांस तें माहीत आहे?

आणि निकष कितीही शहाणा असला, तरी तो जेथवर पोंचतो तेथवरच उपयोगी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपति विसर्जन करून गांवें झोंपलीं असतां, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि आठ हजारांच्या आसपास माणसें दगावलीं. तो भाग त्या वेळच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागांत होता. २००२ सालीं तो पहिला विभाग नकाशांतून काढूनच टाकण्यांत आला. पण नकाशा बरोबर असता तरी किती फरक पडला असता? दगड-मातीच्या जाड भिंती, वर लांकडी माळवद, आणि त्यावर वर्षानुवर्षें चढविलेले मातीचे थर: हीं घरें कोणा इंजिनियरनें आंखलेलीं नव्हतीं. तरीही तीं निकषावांचून बांधलेलीं होतीं असें नव्हे. मराठवाड्याचें ऊन आणि चोराचें भय या दोन गोष्टी त्या लोकांच्या स्मरणांत होत्या, आणि त्यांसाठीं तीं घरें उत्तम होतीं. भूकंप स्मरणांत नव्हता, म्हणून तो भिंतींतही नव्हता. पिढ्यांच्या आठवणीपलीकडील धोका दाखविणें हें शास्त्राचें काम. पण तें ज्ञान ज्याच्यापाशीं इंजिनियरला देण्यास पैसे आहेत त्याच्याच घरापर्यंत पोंचत असेल, तर निकष हा समाजाचा नियम न राहतां एका वर्गाची सोय होऊन बसतो. इंजिनियरला बोलावून घर बांधणाऱ्या वर्गांत आपण मोडतों, हें विसरून चालणार नाहीं.

तात्पर्य, ‘पुरेसें’ किती हें सांगणारा एकच आंकडा सर्व ठिकाणीं सर्व काळीं असणार नाहीं. पण तो ठरविण्याची न्याय्य रीत कोणती, हें सांगतां येतें. पहिली गोष्ट, आंकडा उघड असावा, आणि तो ज्याच्या वांट्यास येतो त्याला कळेल अशा भाषेंत असावा. पुलाच्या उद्घाटनाच्या शिलेवर मंत्र्यांचें नांव असतें. तो पूल किती पाण्यासाठीं आहे हें तेथें लिहिण्यास फारशी जागा लागणार नाहीं. दुसरी गोष्ट, निकष उतरविल्यानें ज्याचा पैसा वांचतो आणि ज्याचा जीव धोक्यांत येतो, तीं दोन माणसें निराळीं असतील तेथें दुसऱ्याचा शब्द वजनदार धरावा. तिसरी गोष्ट, आंकड्याबरोबर त्याच्या अटी लिहून ठेवाव्या, आणि अटी बदलल्या कीं नवा निर्णय नांवानिशीं घ्यावा, मग तो कमी निकष पत्करण्याचा कां असेना. आणि चौथी, डच लोकांनीं घातली तशी एक फरशी असावी, जिच्याखालीं केवळ तो गरीब आहे किंवा दूर राहतो म्हणून कोणास ढकलूं नये.

या चारांपैकीं एकाही गोष्टीस वरच्या दर्जाचें गणित लागत नाहीं. लागतें तें प्रश्न विचारणारें नागरिकांचें मन. घर विकत घेतांना आपण खोल्या मोजतों, फरशी पाहतों, स्टेशन किती मिनिटांवर आहे तें विचारतों. ही जमीन पूर्वीं काय होती, ही इमारत किती धक्क्यासाठीं आंखली, येथलें गटार तासाला किती पाऊस नेतें, हें विचारणारा ग्राहक विरळा. आपण विचारीत नाहीं, म्हणून कोणी सांगत नाहीं. आणि कोणी सांगत नाहीं, म्हणून आपण सर्वच धोका शून्य आहे असें समजून झोंपतों. तो शून्य नाहीं, कधींच नव्हता. तो किती असावा हें कोणीं तरी आपल्या वतीनें ठरविलेलें आहे. तें कोणीं व कसें ठरविलें एवढें जाणून घेण्याचा हक्क आपला आहे, आणि ज्यांना विचारण्याची सवड वा ऐपत नाहीं त्यांच्या वतीनें तें विचारणें हें आपलें कर्तव्यही आहे.